वापरातलं घर

जगात आजवर जेवढ्या लढाया झाल्या, त्या सगळ्यांनंतरची पडझड मांडून ठेवायचं काम कुणा एकाच माणसावर सोपवायचं ठरलं, तर तो माणूस म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या बहिणीचे यजमान. पांढुर्ण्यात त्यांचं औषधांचं दुकान आहे. नागपूरच्या काही मंडळींना टेबलावर लढाया खेळण्याचा शौक आहे. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे, अंतर मोजायला टेप आणि रविवारभर आरडाओरडा. त्या लढायांना लागणारी गावं, पूल, पडक्या भिंती आणि त्या गावात कधी माणसं राहत होती हे कळावं म्हणून लागणारा बारीकसारीक पसारा साडभाऊ हातानं बनवतात. विकतची वस्तू त्यांना चालत नाही. गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद घासून त्यांच्या छपरांची टिनं होतात, सुयांच्या टोपणांचे ड्रम होतात, आणि खोकल्याचं औषध देताना ते गिऱ्हाइकाला जेवणानंतर घ्या असं सांगतात त्याच सुरात झाकण परत आणून द्यायलाही सांगतात. जाम नदीचे दगड पांढुर्ण्याची आणि सावरगावची माणसं गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, एकमेकांसाठी वेचतात. साडभाऊ ते वर्षभर वेचतात, पण तुरीच्या दाण्याएवढे, आणि चाळून.

पडकं घर ते पडकं कधीच बांधत नाहीत. आधी अख्खं घर उभं करतात. आत खाट, चूल, कोपऱ्यात केरसुणी, दाराशी चपला. मग ते पाडायची वेळ येते आणि हात चालत नाही. एकदा मी सहज गेलो तर एक टुमदार घर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्हीच मारा एक बुक्की, साडभाऊ. माह्यानं होऊन नाही राहिलं." मी मारली. घर असं काही भुईसपाट झालं की जेवण होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. नागपूरकरांनी एकदा विलायतेतलं खेडं मागितलं, तर यांनी प्रत्येक खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बसवून पाठवला. तक्रार आली तेव्हा तिथं उन्हाळा नसतो का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. पुढे त्या मंडळींनी आग्रहानं त्यांना खेळायला बसवलं, तेव्हा टेबलावरच्या पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात सैन्य घालायला त्यांनी साफ नकार दिला. पीक उभं होतं. सगळी फौज बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं गेली आणि वाटेतच मारली गेली. साडभाऊ मात्र एकही झाड मोडलं नाही म्हणून खुशीत घरी आले.

पण त्यांचा खरा हातखंडा नव्या वस्तू जुन्या करण्यात. चहाच्या पाण्याचे डाग, विटेच्या भुकटीचा गंज, दिव्याची काजळी. यांच्या हातून गेलेली भिंत पाहिली की आपल्यालाच पोपडे काढावेसे वाटतात. नवं काही त्यांना बघवतच नाही. मी नवी स्कूटर दाखवायला नेली तर चहूबाजूंनी फिरून म्हणाले की गाडी चांगली आहे, पण मडगार्डपाशी थोडा गंज शोभला असता.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि रुखवत मांडायची वेळ आली. स्थळ रामाकोन्याचं, संत्र्यांच्या बागांचं, मोठ्या गोतावळ्याचं. मुलीकडच्या हातची कला वरपक्ष रुखवतातच पाहतो, आणि एकदा पाहिलेलं पुढे वर्षानुवर्षं बोलतो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, मोत्यांचे कलश, रंगीत कुरडयांचा मोर असं सगळं चमचमतं जमवलं होतं. नवऱ्याला तिनं बजावलं होतं की तुमची एकच वस्तू ठेवा, पण ती नवी दिसली पाहिजे. सोयऱ्यांत माझी मान खाली जाईल असं काही करू नका. साडभाऊंनी मान डोलावली होती.

लग्नाच्या दिवशी त्यांनी आपल्या वस्तूवरचा रुमाल उचलला. खाली त्यांचं स्वतःचं घर होतं, जसं आहे तसं. न्हाणीच्या भिंतीला ओल, विटेवर टेकवलेली कलती टाकी, दोरीवर वाळत घातलेला मुलीचा शाळेपासूनचा टॉवेल, ओट्यावर तिची सायकल. नवरदेवाच्या एका आत्याबाई बाजूचीला म्हणाल्या की पोरीला पडकं घर देऊन राहिले, हा कसला शकुन. माझी मेव्हणी पांढरीफटक पडली. साडभाऊ घसा साफ करून एवढंच म्हणाले, "पडकं नाही जी, वापरातलं आहे."

विहीणबाई वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. सायकल कोणाची ते त्यांनी विचारलं, टॉवेल कोणाचा तेही विचारलं. मग पदर सावरत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाकी सामान मागून येऊ द्या. हे मी गाडीत मांडीवर घेऊन बसतो." मेव्हणीनं डोळे पुसले. पाठवणीच्या वेळी सारा मांडव रडला, फक्त साडभाऊ विहीणबाईंच्या मांडीवरचं घर गाडीत हलू नये म्हणून त्याच्याखाली वर्तमानपत्र कोंबत होते.

दिवाळीला बायकोच्या आग्रहानं त्यांनी आपल्या खऱ्या घराला चुना मारला, टाकी बदलली, सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली. आता रामाकोन्याला गेलेलं छोटं घर खोटं ठरलं होतं. रंगांचा डबा पोटाशी धरून ते माझ्याकडे आले, आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून रामाकोन्याला निघाले. मुलीनं चहा दिला. यांनी कुंचला ओला केला आणि काय काय बदललं ते तिला समजावून सांगू लागले. तिनं कुंचला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला.

"बाबा, तिथलं बदलून राहिलं तर बदलू द्या. हे नका बदलवू. मी निघाली तेव्हाचं घर एवढंच राहिलं आता."

साडभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. परतताना सौसरला आम्ही चहाला थांबलो. ते कपाकडे नुसते बघत बसले. मुलगी सासरी गेली हे या माणसाला आज कळलं, असं मला वाटलं, आणि त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली. घरी गेल्यावर पोरीच्या आईला काय सांगू, असं ते म्हणाले. मी त्यांच्या हातातली किल्ली घेतली, आणि पांढुर्ण्यापर्यंत गाडी मीच चालवली.