काठोकाठ पेला

सकाळपासून उमसुनायचा पाय एका जागी ठरत नव्हता. शेगडीवर कोकोचं भलंमोठं पातेलं, शेजारी सुक्या जर्दाळूंचं पाणी उकळतंय, आणि ही बाई मिनिटामिनिटाला पळी सोडून खिडकीशी. नारीन या डोंगरी गावातल्या थंडीने काच आतूनच गोठली होती, तरी ती नखाने बर्फ खरवडून बाहेर बघायची.

"कुणाची वरात यायची आहे, एजे?" बालवाडीची तरुण शिक्षिका शायीर दारातून म्हणाली. सगळे उमसुनायला एजे, म्हणजे ताई, म्हणत.

"कुणाची नाही. तू तुझं नव्या वर्षाचं झाड सजव."

बालवाडीच्या समारंभाला यायची होती तिची मुलगी बेर्मेत. मॉस्कोत शिवणकाम करणारी, तीन वर्षांनी नव्या वर्षासाठी घरी आलेली, आणि परवा जाताना आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, अकीलायला, सोबत नेते म्हणणारी. खोली मिळाली होती, तिथली बालवाडीही ठरली होती. "तू फक्त हो म्हण, आपा," हे ती आल्यापासून चाललं होतं. उमसुनाय "बघू" म्हणायची आणि उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

अकीलाय अंगावर पीत होती तेव्हा बेर्मेत तिला आईच्या ओटीत टाकून गेली होती. पोरीचा पहिला दात, गोवर, हट्ट, सगळं उमसुनायने काढलं. त्यामुळे आपा, म्हणजे आई, म्हणायची ती आजीला. आणि आईला म्हणायची बेर्मेत. आजीकडे वाढलेली कितीतरी पोरं इथे असंच म्हणतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. बेर्मेतला वाटायचं. उमसुनायला ते दिसायचं, आणि खरं सांगायचं तर आतून जरा बरंही वाटायचं.

नवरा घाटात ट्रकसकट गेला तेव्हापासून ती बालवाडीच्या या स्वयंपाकघरात होती. गावातला औषधवाला, पोलीस, स्वतः शायीर, सगळे तिच्या हातचा कोको पिऊन मोठे झालेले. तिच्या कोकोवर साय धरत नाही अशी ख्याती होती, कारण ती पळी कधी थांबवतच नसे. इथली पोरं साय म्हटली की पळत सुटतात.

यंदा शायीरच्या डोक्यातून एक टूम निघाली होती. नव्या वर्षाच्या समारंभात मोठ्यांनी पोरांना नाही, तर पोरांनीच घरच्यांना गरम पेयं द्यायची. कोको किंवा जर्दाळूचं पाणी, वर हवं तर मध, मनुका, अक्रोडाचा चुरा. ओतायचं कसं, ते शिकवायचं उमसुनायने. आठवडाभर तिने कोमट पाण्याची किटली आणि छोटे पेले घेऊन पोरांना तयार केलं होतं.

"पाहुण्याला किती ओतायचं?"

"थोऽडंसं!"

"का?"

"म्हणजे तो परत मागेल, आणि बसेल!"

"आणि काठोकाठ भरला तर?"

"तर प्या आणि चालू पडा!" पोरं खिदळत ओरडायची.

पाहुणे आले, गालिच्यावर बसले. पातेलं बाहेर आणलं, आणि पहिल्याच पोराने किंकाळी फोडली, "ईऽऽ, साय!"

"एजे, तुमच्या कोकोवर?" शायीरचे डोळे विस्फारले.

"गप बस, काढते," उमसुनाय खेकसली. तिचे कान तापले होते. बेर्मेत कोपऱ्यात येऊन बसली होती, मॉस्कोच्या त्या पातळ कोटात.

अकीलायची पाळी आली. तिने जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी किटली धरून आधी आजीचा पेला भरला. भरतच गेली. कोको काठाला आला.

उमसुनायला आपलाच धडा आठवला. म्हणजे पोरीनेच ठरवलं तर. आठवडाभर मीच शिकवलं, आणि ते माझ्याच पदरात आलं. एवढ्या लोकांदेखत तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"अगं, आपाला चालती करतेस होय?" शायीर हसत म्हणाली.

"आपा काय पाहुणी आहे?" अकीलाय चिडली. "आपा कुठे जातेय? तिला भरपूर!"

मग ती आईकडे वळली. बेर्मेतच्या पेल्यात तिने इतकं कमी ओतलं की तळ जेमतेम ओला झाला. बेर्मेतने ते ओठाला लावलं. लगेच आणखी एक थेंब. पुन्हा एक. बाकीची पोरं झाडाभोवती फेर धरून नाचायला गेली, भेटवस्तूंची पोती उघडली, तरी ही हलेना. एका हातात किटली, दुसऱ्या हातात आईच्या कोटाची बाही. नजर पेल्यावर, कधी संपतोय नि कधी पुन्हा ओततेय.

"अकीलाय, जा ना खेळायला," बेर्मेत म्हणाली.

"तू पी. संपलं की सांग."

उमसुनाय बघत राहिली. आपला पेला भरलेला होता, तो तसाच भरलेला राहणार होता. त्यासाठी कुणाला बाही धरून बसावं लागत नव्हतं. पण ही चिमुरडी थेंबाथेंबाने आई अडवत होती, आणि परवा ते जमणार नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, शरम वाटली, आणि जीव तर तुटतच होता.

ती उठली. पळी घेतली, बेर्मेतचा पेला काठोकाठ भरला. मग एक रिकामा पेला उचलून अकीलायपुढे ठेवला आणि तोही भरला, पार बशीत सांडेपर्यंत.

"आपा, इतकं नको!" अकीलाय किंचाळली. "इतकं भरलं की बेर्मेतला जावं लागतं!"

बेर्मेतने चमकून वर पाहिलं.

"हो ना," उमसुनाय म्हणाली. "म्हणून तर दोघींचा भरला."