शपथेत डब्याचं नाव नव्हतं

भीमाकाकी पाहुण्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याची बॅग उचलून पाहत असे. अंगणात कुणी पाठीवरचं ओझं उतरवलं, की ती पिठाचे हात पदराला पुशी, बॅगेचा पट्टा मुठीत धरी, ती गुडघ्यापर्यंत वर उचले आणि विचारी, "जागा हाय का गं यात?" पहिल्यांदा मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. मीही हसून म्हटलं, "आहे की. काय भरायचंय?" ती हसली नाही. बॅग अलगद खाली ठेवून म्हणाली, "बगू. आदी पाय दाव तुजा."

माझ्या वयाची माणसं तेव्हा पाठीवर बॅगा टाकून दूरच्या बेटांवर जात, तिथल्या कोळ्यांच्या घरी राहत, मैत्र जोडून परत येत. मी पुण्याहून निघाले होते ती कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी पाहायला, एका दिवसापुरती. उतरताना पाय मुरगळला आणि डोंगराच्या पायथ्याशी, दोन ओढ्यांच्या बेचक्यात एकट्याच उभ्या असलेल्या कौलारू घराशी येऊन मी टेकले. भातकापणी उरकली होती. खाचरांतून वाल पसरला होता आणि सांजवाऱ्यात तो हिरवा रंग घराच्या चहूबाजूंनी लाटांसारखा हलत होता. पाय बरा होईतो मी त्या घरच्या पडवीत राहिले. माझं बेट मला कर्जत तालुक्यातच सापडलं.

घरात माणसं दोनच. काकी आणि धोंडूकाका. काका उंच, वाळल्या सागासारखे, आणि बोलण्यात कमालीचे कंजूष. काकी त्यांच्या वाटचंही बोले. माझ्या पायाला हळदीचा लेप लावताना म्हणे, "तुमी शेरातली मानसं लय सांभाळून चालता, म्हनून पडता." मी कवितेची वही काढली की विचारी, "काय लिवतेस? वालाला फुलं आली, हेच ना? ते तर वालालापन ठाव हाय." मग स्वतःच इतकं हसे, की काकांनाही मान वळवून हसू लपवावं लागे.

पोपटी मी प्रथम तिच्या हातची खाल्ली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ताज्या वालाच्या शेंगा, मूठभर जाडं मीठ, ओवा, मधोमध अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवलेला. मडकं शेतात पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचायच्या, की काका जाळ लावत. पाण्याचा थेंब आत नसतो. शेंगा स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतात. बाहेरून मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि ते चर्र करून उठलं की झाली म्हणायची. मी दोनदा विचारलं, झाली का? काकी म्हणाली, "मडकं उगडायची घाई करील तो कच्चं खाईल, बाय." मग मडकं उघडलं आणि भांबुर्ड्याचा तो कडवट, रानवट, किंचित औषधी वास थंडीत असा पसरला, की आजही कुठे पाला जळताना तो आला तर मी आधी मडकं शोधते.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. काका ओढ्यावर गेलेले पाहून काकीनं जर्मनचा एक डबा आणला. त्यात शेंगा होत्या, वर भांबुर्ड्याचं पान. "तू खोपोलीवरनं पुन्याला जानार ना? वाटंत कुंभिवली लागंल. हायवेला चहाची टपरी हाय. सुमन नाव तिचं. माजी लेक."

इतके दिवस त्या घरात राहूनही लेकीचं नाव मी ऐकलं नव्हतं. सुमननं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं आणि काकांनी बायकोला गळ्याची शपथ घातली होती: तिच्या दारात पाय ठेवलास, तिच्याशी एक शब्द बोललीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील. घरात फोन एकच, आणि तो काकांच्या खिशात.

"मग हा डबा?" मी विचारलं.

काकीच्या डोळ्यांत खोडकर, दुखरी चमक आली. "मी कुटं जातेय? मी कुटं बोलतेय? शपथंत डब्याचं नाव नाय."

मी माझा स्वेटर अंगात घातला आणि बॅगेत डब्यासाठी जागा केली.

कुंभिवलीला उतरले तेव्हा ट्रकांच्या धुरात एक तरुण बाई दुधाचं पातेलं ढवळत उभी होती. हसू आईचं, उंची बापाची. मी डबा पुढे केला. तिनं झाकण उघडलं नाही. आधी नाकाशी नेलं. धूर, डिझेल, उकळता चहा, त्या सगळ्यांतून तिला तिच्या शेताचा वास आला असावा. ती बाकावर बसली. गिऱ्हाईक ओरडलं, "ओ ताई, चहा उतू चाललाय!" तिनं ऐकलं नाही. एकेक शेंग दातांत धरून सोलत ती खात राहिली आणि शेवटी इतकंच म्हणाली, "मीठ अगदी बरुबर हाय. म्हंजे आई बरी हाय."

त्यानंतर दर थंडीत मी कोंडाण्याला जाऊ लागले. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. सुमन डबा भरून देई, तो मी जपून ठेवी आणि पुढल्या पोपटीला काकीच्या हाती देई. लगेच माघारी फिरायची काकीनंच मला बंदी केली होती. "लगोलग आलीस तर त्येला कळंल," ती म्हणे. म्हणून त्या मायलेकींच्या एका प्रश्नाला उत्तर यायला वर्ष लागे. एकदा डब्यातून हिरव्या बांगड्या आल्या. एकदा तिळाचे लाडू, वर्षभरात दगडासारखे झालेले. आणि एका वर्षी बाळाचं टोपडं आलं, वापरलेलं. सुमननं बजावलं होतं, "धुतलं नाय म्हनून सांग तिला. मुद्दाम."

काकीनं ते टोपडं दोन्ही हातांत घेतलं, त्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. मग कणगीतल्या भातात कोपरापर्यंत हात घालून तिनं ते आत लपवलं. "पोरगी हाय का पोरगा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पोरगी." "नाक कुनाचं?" मी म्हटलं, "तुमचं." "मंग झालं कल्यान!" असं म्हणून ती हसली, आणि हसतानाच तिचा चेहरा माझ्यासमोर मोडून पडला. "एकदा माज्या हातची गरम शेंग लेकीला शेतात बसून खाताना बगू दे," ती म्हणाली. "गार शेंगंला चव नस्ती गं. निसती आठवन अस्ती."

गेल्या थंडीत मी अंगणात बॅग उतरवली आणि ती कुणी उचलली नाही.

पडवीत काकीची बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती. काका उंबऱ्यात बसले होते. मी पाहत राहिले तेव्हा म्हणाले, "भादव्यात गेली. ताप आला नि चार दिसांत गेली." ओढ्याच्या पाण्याचा आवाज मध्येच फार मोठा झाल्यासारखा वाटला. मी विचारलं, "सुमन?" इतक्या वर्षांत त्या घरात मी ते नाव मोठ्यानं पहिल्यांदा उच्चारलं. त्यांनी मान हलवली. "सांगितलं नाय मी. कुना टेंपोवाल्याकडनं कळलं तिला. आली, तवा चिता इजत आली व्हती. लांबच हुबी ऱ्हायली. नि गेली."

मग वालाकडे पाहत म्हणाले, "डब्याचं मला ठाव व्हतं. दर वर्षी जायाचा नि वर्सानं यायाचा. डोळं हायत मला."

"मग काका, एकदा तरी..."

"शपथ मीच घातलेली. मीच कशी मोडू?" ते म्हणाले. "वाटायचं, ती मोडंल कवातरी. रागावीन, मंग गप बसीन. पन ती कसली मोडतेय! माज्या जिवाला जपली ती."

काकीसाठी वर्षभर जपलेला सुमनचा डबा मी बॅगेतून काढून उंबऱ्यावर ठेवला. त्या संध्याकाळी काकांनी पोपटी लावली. आजवर ते फक्त जाळ लावत आलेले. मडकं भरणं काकीचं काम. पाला त्यांच्या हातून विस्कटत होता, शेंगा खाली सांडत होत्या. मी पुढे झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. मडक्यावर पाणी चर्रलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. आम्ही दोघांनीही काही खाल्लं नाही. सकाळी मी निघाले, तर ते माझ्या बॅगेपाशी आले, पट्टा मुठीत धरून ती गुडघ्यापर्यंत उचलली आणि फाटल्या आवाजात विचारलं, "जागा हाय का गं यात?" दुसऱ्या हातात तोच डबा होता.

कुंभिवलीला सुमननं डबा नाकाशी नेला नाही. आईचा वास त्यात आता नसणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि चावता चावता थांबली. पुन्हा एक घेतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अळनी हायत. मीठच घातलं नाय. बाबांनी भरलं ना मडकं?"

मी हो म्हटलं.

तिनं सगळ्या शेंगा खाल्ल्या. वर मीठ भुरभुरलं नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटची शेंग संपल्यावर डबा धुतला, पदरानं कोरडा केला, टपरीतली मिठाची बरणी उघडली आणि डब्यात काठोकाठ जाडं मीठ भरलं. "रिकामा द्यायचा नाय," ती म्हणाली. "बाबांना सांग, एक थर शेंगांचा झाला की घालायचं."

त्या दिवशी मी पुण्याची गाडी सोडली. वर्षभर थांबायचं आता कुणासाठी? उन्हं कलताना कोंडाण्याला पोचले. काका कालच्या राखेपाशीच बसले होते. मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला आणि निरोप सांगितला. त्यांनी एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि तो विरघळू दिला.

"बरुबर सांगितलं पोरीनं," मग ते म्हणाले. "मला म्हाईतच नव्हतं कवा घालायचं. मीठ तुजी काकीच घालायची."

ते उठले, पडवीत गेले, भिंतीला टेकवलेली काकीची बाज त्यांनी खाली घातली आणि तिच्या उशाच्या जागी लेकीचा तो डबा ठेवला.