अंबाडीचा उल्कापाषाण

आमच्या साडूंइतका दगडांचा नाद असलेला माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा नाही, आणि नसलेलाच बरा. निजामपुऱ्यातल्या कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं लूम दुरुस्त करून ते रिटायर झाले आणि मोबाइलवर एक व्हिडिओ बघून थेट खनिजतज्ज्ञ झाले. आकाशात दगडावर दगड आदळतो, त्या धक्क्यानं आतल्या खनिजांत समांतर रेषांचे एकमेकांना छेदणारे संच उमटतात, काहींची तर न वितळताच काच होते, हे ज्ञान ते लग्नात, मयतीत, दाढी करून घेतानासुद्धा वाटतात. पुतण्याच्या हळदीला माझ्या भावाकडे बोट दाखवून ते सर्वांदेखत म्हणाले, "वरून धड दिसतो, पण आतून काच झालीय. व्याह्यांना बघून धक्का बसलाय." भाऊ महिनाभर आमच्याशी बोलत नव्हता.

गेल्या वर्षी त्यांना अंबाडीला, स्वतःच्या शेताच्या बांधावर, एक काळा दगड सापडला. चुंबक चिकटलं. उल्कापाषाणाला तो सापडलेल्या गावाचं नाव देतात, हे त्यांनी वाचलेलं. "भिवंडी-वाडा रस्त्यावरचा नाका, एवढीच आपल्या गावाची ओळख हाय, साडूभाऊ. आता जगाच्या यादीत अंबाडी येनार!"

दगड कापायला आम्ही लादीवाल्याकडे गेलो. पातं मध्येच अडकलं, तेव्हा त्यानं दगड फिरवून पुन्हा चालवलं. घरी साडूंनी कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं आणि ओरडलेच, "आडव्या-उभ्या रेषा! इंचाला बावन्न! ह्यो धक्का न्हाय तर काय?" त्या रेषा पात्याच्या आहेत हे मला तिथेच कळलं होतं. पण फुकटची करमणूक कोण सोडतो? त्यांनी अंबाडीभर पेढे वाटले.

वर्षभरानं आम्ही दगड मुंबईच्या एका कॉलेजात नेला. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी तो उलटसुलट पाहिला. "काका, हा आपला नेहमीचा काळा दगड. थोडं लोह असतं त्यात, म्हणून चुंबक धरतो. या रेषा कटरच्या आहेत. खऱ्या रेषा अशा भिंगातून दिसतच नाहीत."

साडूंनी दगड रुमालात बांधला. बाहेर पायरीवर ते थांबले.

"तुमी व्हतात ना लादीवाल्याकडं. तुमाला कळलं न्हाय?"

"कळलं होतं," मी म्हणालो.

"मंग बोलायचं ना. तुमचं आयकलं असतं मी."

आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. वर्षभर साठवून ठेवलेलं हसू कुठल्या कुठे गेलं. मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी रिक्षा थांबवली.