मधल्या अक्षराचे शब्द

१८ जानेवारी, रविवार, दुपारी अडीच. हजर: सासरे, धाकटी नणंद, नवरा आणि मी. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. जागा: शिवाजी पार्काजवळच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर इंग्रजी शब्दांच्या खेळाचा पट आणि अक्षरांच्या सोंगट्या.

जवळच्या एका क्लबात दर वर्षी या खेळाची जोड्यांची स्पर्धा होते. सासरे आणि सासूबाई वर्षानुवर्षं त्यात उतरायचे. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी खेळणं सोडलं होतं. या वर्षी मात्र ते फॉर्म घेऊन आले. जोडीदाराची ओळ कोरी होती आणि ती जागा मला हवी होती.

मी भोईवाड्याच्या चाळीतली, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा रविवारचा हा खेळ या घरात जेवणाइतकाच ठरलेला होता. पहिल्याच रविवारी माझ्या हातात क्यू आला, जोडायला यू मिळेना आणि मी तो शेवटपर्यंत धरून बसले. नणंद तेव्हा कॉलेजात होती. "वहिनी, क्यू काय लोणचं घालायला ठेवलायस?" म्हणाली. सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी गिरगावात फुटपाथवरून एक जुनी डिक्शनरी घेतली. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. कुठला माल कुठल्या कप्प्यात, ते वहीत नोंदवणं हेच माझं काम. शब्दांचंही तसंच करायचं ठरवलं. पण डिक्शनरी पहिल्या अक्षराने लावलेली असते. मधे कुठेतरी क्यू, झेड किंवा जे, म्हणजे जास्त गुणांची अक्षरं, असलेले शब्द हवे असतील तर ती अख्खी चाळावी लागते. मी चाळली. रोज डबा खाऊन झाला की ओळीखाली फूटपट्टी धरून चार पानं. यूशिवाय क्यू असलेले शब्द वेगळे, दोन अक्षरी वेगळे, एकही स्वर नसलेले वेगळे. अर्थ लिहिले नाहीत. स्टोअरमध्ये नट कुठल्या मशीनला लागतो हे कुणी विचारत नाही, तो कप्प्यात आहे की नाही एवढंच विचारतात.

इथे माझं चुकलं. या घरात नियम आहे की शब्द मांडला तर अर्थ सांगायचा. नियम सगळ्यांना आहे, विचारलं जातं फक्त मला.

"क्यू-ए-टी. अर्थ?" सासरे म्हणाले.

"माहीत नाही, बाबा. पण डिक्शनरीत आहे."

"मग उचल."

मी तिन्ही सोंगट्या उचलल्या. त्या आठवड्यात वहीत नवा रकाना आखला. अरबस्तानाकडे या झाडाची पानं चघळतात, हे पुढच्या वेळी सांगितलं. तेव्हा सासरे म्हणाले, "आता वाक्यात वापर." वापरलं. मग म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे तुझं."

नणंदेने एकदा झेड-ए-एक्स मांडला. माझ्याच वहीत पाहिलेला. मी विचारलं, "अर्थ?"

"असेल गं काहीतरी हत्यार."

"तिला भाषेची जाण आहे," सासरे म्हणाले आणि गुण लिहून घेतले. छपराच्या पाट्या तासायचं हत्यार. मला माहीत होतं.

त्या १८ तारखेच्या रविवारी सासऱ्यांनी फॉर्म भरायला पेनाचं टोपण काढलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पटाकडे पाहत होता.

"तिथे नुसतं खेळून होत नाही," सासरे म्हणाले. "चहाच्या वेळी लोकांशी बोलावं लागतं." आणि कोऱ्या ओळीत लेकीचं नाव लिहिलं.

"वहिनी, पण तुझ्याशिवाय आमचं व्हायचं नाही हं," नणंद म्हणाली. "वही दे ना. फोनवर अक्षरं टाकली की हजार शब्द येतात. त्यातले कामाचे कुठले, ते तुलाच कळतं."

मी वही दिली. सापडत नाही म्हणता आलं असतं. पण माझी वस्तू मला सापडत नाही, हे या घरात कुणाला पटलं नसतं.

खोलीत गेल्यावर नवरा म्हणाला, "खेळ आहे गं. एवढं काय?"

"खेळच आहे ना? मग मी का नको?"

त्याने पंखा वाढवला.

पहिली फेरी ते दोघं जिंकले. सासरे दारातूनच सांगत आले, "तिने शेवटी असा एक क्यू लावला, समोरचे बघतच राहिले! लोक विचारत होते, एवढे शब्द येतात कुठून. म्हटलं, घरात पहिल्यापासून वाचनाचं वातावरण आहे." मी पाणी आणून दिलं.

अंतिम फेरी येत्या शनिवारी आहे. परवा नणंद वही परत घेऊन आली. क्यूच्या पानावर तिने तिच्या पेनाने खुणा केल्या होत्या. म्हणाली, "वहिनी, मधे एक्स असलेले शब्द कमी आहेत बघ यात. शुक्रवारपर्यंत काढून ठेवशील? चार आणि पाच अक्षरी. अर्थ नको, नुसते शब्द दे."

मी "बघते" म्हटलं. आज गुरुवार. वहीत नवं पान काढून वर एक्स लिहिला आहे, बाजूला समास आखला आहे. शब्द एकही लिहिलेला नाही.