मित्राची खुर्ची

पुण्यात टोमणे मी पुष्कळ ऐकले, पण आठवण येते ती एकाच बाईंच्या टोमण्याची. हिंजवडीत आयटी नुकती कुठे येत होती, तेव्हा त्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक होत्या. केसांत नेहमी अबोलीचा गजरा.

"मित्रासाठी विचारतोय," मी म्हणालो. "त्याला गुप्तांगावर हर्पिसचे फोड आलेत."

त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पुढे ओढली. "त्यांनाही बसू द्या." मग त्या खुर्चीकडेच बघून बोलू लागल्या, "अहो, या फोडांनी कातडी उघडी पडते. तिथून एचआयव्हीला आत शिरणं सोपं जातं. फोड सुकले म्हणून धोका टळत नाही. तेव्हा कंडोम वापरा, आणि रक्त आजच तपासून घ्या."

रक्त अर्थातच माझं काढलं.

रिपोर्टच्या दिवशी त्यांनी पुन्हा ती खुर्ची ओढली आणि तिलाच सांगितलं, "एचआयव्ही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासू."

मग माझ्याकडे रुमाल सरकवत म्हणाल्या, "आणि आपण का रडताय? रिपोर्ट मित्राचा आहे ना?"