गुडघेवाल्यांची मावशी

धंतोलीत गुडघ्याच्या डॉक्टरकडे बसले होते, तर शेजारच्या खुर्चीवरची बाई फोन माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "तुमच्या फोनात माह्या चॅनेलचं बटन दाबा नं बाई. हजार जण जुळले की व्हिडिओचे पैसे सुरू होते. दोनच कमी आहेत."

व्हिडिओत ती उपड्या मडक्यावर लांब रोटी टाकत होती. बोलतानाही दोन्ही हात असे लांबवायची, जशी काही रोटीच ताणतेय. मी आपलं माझ्या फोनवर बटण दाबलं आणि विचारलं, "तुमचा कोणता गुडघा?"

"मले काय होते वं? मी लोकं जोडाले आली. डोळेवाल्याकडे गेली, तं साऱ्यायच्या डोळ्यात औषध, बटनच दिसे ना! गुडघेवाले बेस्ट. दोन घंटे बसते अन् पळून जात नाही."

तेवढ्यात कंपाउंडर आला. "मावशी, पेशंट नसाल तर बाहेर बसा."

"मावशी म्हणतं नं मले? मंग मावशीचं बटन दाब गा."

बिचाऱ्याने खिशातला फोन काढून दाबलं. हजार झाले! बाई लगेच पिशवी उचलून उठली.

मी म्हटलं, "आता तरी निवांत बसा."

"बसू कशी वं? घरी कणिक भिजवाची आहे, अन् हजार लोकं वाट पाहून राहिले."