हुंगायचं औषध

सासऱ्यांच्या छातीत कळ यायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भिवंडीतल्या डॉक्टरांनी त्यांना अमिल नायट्राइट दिलं होतं. कापडात गुंडाळलेली काचेची छोटी कुपी. कळ आली की खाली बसायचं, कुपी रुमालात दाबून फोडायची आणि हुंगायची. पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर भपकारा सुटायचा. बाबांचा चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं ठणकायचं, पण रक्तवाहिन्या सैल पडून कळ ओसरायची. "पेट घेतं, चुलीपाशी नेऊ नका. रक्तदाब एकदम खाली येतो, दुसऱ्या कुणाला देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते मनावर घेतलं, बाबांनी नाही.

आमच्या गल्लीत चक्कर आलेल्या माणसाला कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची रीत. बाबांचं औषधही हुंगायचंच, त्यात डॉक्टरचं! म्हणजे कांद्याहून भारी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पॉवरलूमच्या शेडमधल्या उकाड्यात कुणी ना कुणी पडायचंच, की लोक आमच्या दारात. बाबा निवृत्त कारकून. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे काही मागायला येत होतं. मी नको, नको म्हणून थकले आणि गल्लीत कजाग ठरले.

मे महिन्यात शेजारची सून नळावर कोसळली. "चाचा, वो सूंघनेवाली दवा दो, जल्दी!" तिची सासू ओरडत आली. घरात एकच कुपी उरली होती, दुकानात नवीन आल्या नव्हत्या. मी आडवी येईपर्यंत बाबांनी ती देऊन टाकली. बायकांनी पोरीला काखेत धरून उभं केलं आणि रुमाल नाकाशी दाबला. ती आधी लाल झाली, मग पांढरीफटक पडली. नाडी हाताला लागेना. मी रुमाल हिसकून फेकला, तिला आडवं केलं, पाय उंच धरले. बऱ्याच वेळानं तिनं पाणी मागितलं. मला रडू फुटलं ते रागानं.

घरी आले तर बाबा भिंतीला टेकून, छाती दाबून बसलेले, घामानं निथळत. नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. बाहेर कापडाच्या टेम्पोंनी रस्ता अडलेला.

"उठली का पोर?" त्यांनी विचारलं.

"उठली."

"माझ्या औषधानं?"

इतके दिवस त्यांच्याशी भांडून भांडून मी दमले होते. आता भांडायला त्राण नव्हतं, आणि मनही होईना.

"हो बाबा. तुमच्याच औषधानं."

रिक्षा दारात आली तेव्हा ते गेलेले होते. त्यांच्या मुठीतून माझा हात मलाच सोडवून घ्यावा लागला.